धाकटीचे आले

धाकटीच्या हाताला किती यश आलं, हे धाकटीला कधीच पहिल्यांदा कळत नसे. ते आधी दादांना कळायचं, मग ओट्यावर बसलेल्यांना, मग गल्लीला, आणि सगळ्यांचं ऐकून झालं की आत भांडी घासत बसलेल्या धाकटीला. कष्ट तिचे, खातं तिचं, पण बँकेचा मेसेज यायचा दादांच्या फोनवर. दादा म्हणजे तिचे थोरले दीर, घरातले कर्ते. खातं काढलं तेव्हा तिच्याकडे फोनच नव्हता, म्हणून त्यांचा नंबर दिला. त्यात तेव्हा कुणाला काही वावगं वाटलं नाही. तिलाही नाही.

ती गावाबाहेरच्या रोपवाटिकेत कलमं बांधायची. पिशवीतल्या रोपाचा शेंडा छाटायचा, खोडाला मधोमध चीर द्यायची, चांगल्या झाडाची काडी दोन्ही बाजूंनी तासून त्या चिरेत बसवायची आणि वरून प्लॅस्टिकची पट्टी घट्ट गुंडाळायची. बांधलं की पैसे, असा तिथला हिशेब नव्हता. जगलं की पैसे. काडीला नवी पानं फुटली की मालकीण ओळीतून फिरून मोजायची आणि मग कधीतरी रक्कम खात्यात पडायची. त्यामुळे तो मेसेज म्हणजे पगारही होता आणि परीक्षेचा निकालही. आणि निकाल वाचायचे दादा.

बरं, दादांना मनात वाचता येत नसे. अक्षर न् अक्षर मोठ्यानं उच्चारल्याशिवाय त्यांना अर्थच लागायचा नाही. ओट्यावर चार माणसं बसलेली असायची, फोन किणकिणायचा, दादा तो डोळ्यांपासून लांब धरून खणखणीत आवाजात वाचायचे, रकमेसकट. मग आत वळून हाक यायची, "धाकटीचे आले गं!" त्या हाकेत कौतुक असायचं, खोटं कशाला बोला. आपल्या घरची सून कमावते याचा त्यांना अभिमान होता. फक्त त्या अभिमानापायी दुसऱ्या दिवशी वाणी तिला म्हणायचा, यंदा तेलाचा मोठा डबा न्या की, आता काय कमी आहे. शेजारीण उसने मागायला यायची, आणि नाही म्हणावं तर आकडा तिच्या तोंडावरच असायचा.

दादांनी त्यातली दमडी कधी स्वतःसाठी वापरली नाही. तिला घेऊन बँकेत जायचे, तिची सही व्हायची, पैसे कपाटात जायचे आणि घराला लागतील तसे निघायचे. तिची चप्पल तुटली तर तिनं सांगायच्या आधी नवी यायची. तिला कावीळ झाली तेव्हा नवरा ट्रक घेऊन कुठल्या कुठे होता. दादांनीच तिला हातगाडीवर घालून दवाखान्यात नेलं आणि ती उठून बसेपर्यंत स्वतः धड जेवले नाहीत. माणूस चोर असता तर फार सोपं झालं असतं. चोराशी भांडता येतं. देवमाणसाशी कसं भांडायचं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

यंदा हंगामातच गरम वारं सुटलं. हिरव्या जाळीखालीसुद्धा तोंड भाजायचं. बायका दिवसातून कितीदा तरी पाणी फवारायच्या, आणि पाठ वळेपर्यंत पिशव्यांतली माती पांढरी पडलेली असायची. धाकटीचा अंगठा पट्टी ओढून ओढून सोलवटला होता, तर्जनीवर चाकूच्या चिरा पडल्या होत्या. संध्याकाळी कणीक मळताना मिठानं हात झोंबायचे. तिनं बांधलेल्या ओळींना तिची लाल सुतळी लावलेली असायची. रोज कामाला लागायच्या आधी ती त्या ओळींवरून एक फेरी मारायची. काही काड्या काळ्या पडल्या होत्या. काही नुसत्या उभ्या होत्या, ना मेलेल्या ना फुटलेल्या. त्यांची वाट पाहायची, एवढंच हातात होतं.

अशात नणंदेचे यजमान आले. त्यांना पंक्चरचं दुकान टाकायचं होतं आणि हवा भरायच्या मशीनला पैसे कमी पडत होते. ओट्यावर चहा झाला. दादा म्हणाले, काळजी करू नका, आमच्या धाकटीचे येतायत. पाहुणे थांबले. धाकटी आत कणीक मळत होती. तिच्या हातातली कणीक घट्ट झाली तरी ती मळतच राहिली. तिची जाऊ, थोरली, म्हणाली की आता दगड करणार आहेस का त्याचा.

दोन दिवसांनी फोन किणकिणला. दादांनी नेहमीसारखं वाचायला सुरुवात केली आणि रकमेपाशी आल्यावर त्यांचा आवाज एकदम खाली गेला. त्यांनी ती पुन्हा वाचली. नेहमीच्या निम्मीही नव्हती. ओट्यावरचं कुणीतरी खाकरलं. पाहुण्यांनी चपला शोधायला सुरुवात केली.

"धाकटे," दादा दारातून म्हणाले, "एवढी कशी मेली गं?"

पाहुण्यांसमोर, गल्लीसमोर. जणू तिनं काही सांडलं होतं. ती म्हणाली, वारं आहे. दादा म्हणाले, वारं काय तुझ्याच ओळींवर सुटतंय? ते चिडले नव्हते, लाजले होते. आणि लाजलेला माणूस चिडलेल्यापेक्षा वाईट. त्यांनी शब्द दिला होता आणि तो तिच्या हातानं मोडला होता. तिला वाटलं, शब्द देताना मला विचारलं होतं का? वाटलं, आणि घशातच राहिलं.

दुसऱ्या दिवशी दादा रोपवाटिकेत आले. ती पार टोकाला पाणी फवारत होती. तिनं पाहिलं तेव्हा ते तिच्या लाल सुतळीच्या ओळीत उकिडवे बसले होते. एकेक पिशवी पुढ्यात ओढत होते, पट्टी सोडत होते, काडी हलवून बघत होते आणि पिशवी पुन्हा जागेवर ठेवत होते. खरंच मेलंय की मालकीण पैसे द्यायला टाळाटाळ करतेय, हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. काळ्या पडलेल्यांचं एक ठीक होतं. पण ते त्या नुसत्या उभ्या असलेल्या कलमांच्याही पट्ट्या सोडत होते. कलम उघडून बघायचं नसतं. आत जीव धरत असेल तरी उघडलं की तो तिथंच संपतो. हे तिथल्या नव्या बाईलाही पहिल्या दिवशी सांगतात.

धाकटीच्या हातात पाण्याची नळी होती. "दादा, सोडू नका," एवढंच म्हणायचं होतं. बाकीच्या बायका हात थांबवून कधी तिच्याकडे, कधी त्यांच्याकडे बघत होत्या. थोरल्या दिराला चारचौघींत टोकायचं कसं? तिचं तोंड उघडलं आणि मिटलं. तेवढ्यात दादांची अर्धी ओळ झाली होती. निघताना ते तिला म्हणाले की काही काही हिरव्या होत्या गं आतून, येतील त्या. चांगल्या मनानं म्हणाले.

मालकीण दुपारी आली. ओळ बघितली. दादांना काही बोलायला ते तिथं नव्हतेच. म्हणून सगळं धाकटीला बोलली. उघडलेली सगळी मेल्यात धरणार, आणि घरच्यांना आवरता येत नसेल तर कामाला येऊ नकोस, असं सगळ्यांदेखत सांगून गेली. धाकटीला मालकिणीचा राग आला नाही. दादांचाही म्हणावा तसा आला नाही. आला तो स्वतःचा. आपल्या डोळ्यांदेखत आपलंच काम माणूस उसवत होता आणि आपण नळी धरून उभ्या, मूग गिळून.

त्या दिवसापासून तिच्या डोक्यात एकच गोष्ट बसली. नंबर बदलायचा. नवऱ्यानं गेल्या खेपेला त्याचा जुना फोन आणि नवं सिमकार्ड तिला दिलं होतं, त्याच्याशी बोलण्यापुरतं. तो नंबर खात्याला लावायचा. एवढीशी गोष्ट. पण एवढ्याशा गोष्टीला कारण लागतं, आणि कारण तिला सापडेना. चोरीचं म्हणावं तर चोरी नाही. गरजेचं म्हणावं तर पोटाला आहे, अंगाला आहे. फवारताना, छाटताना, बांधताना ती कारणं शोधत राहिली. एखादं सापडलं की दादांचा चेहरा समोर यायचा आणि ते कारण गळून पडायचं. वर मन म्हणायचं, कृतघ्न आहेस तू, हातगाडी विसरलीस. ती विसरली नव्हती, म्हणून तर अडलं होतं.

फोनवर तिनं नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, दादाला विचार. तिनं म्हटलं, दादांनाच कसं विचारू? तो गाडी चालवत होता. म्हणाला, मग नको विचारूस, कशाला घरात नसतं काढतेस, आणि पुढं घाट आहे म्हणून फोन ठेवला. याच्या आयुष्यात अवघड प्रश्न आला की नेमका घाट लागतो, असं तिच्या मनात आलं.

शेवटी एकदा दादा जेवत असताना तिनं विषय काढला. म्हणाली, ते बँकेचं माझ्याच फोनवर आलं तर? दादांचा घास तसाच राहिला. म्हणाले, का गं, काही हवंय का? सांग, आणतो. झालं, इथंच ती घसरली. काहीतरी सांगायचं म्हणून तिनं सांगितलं की चष्मा करावा म्हणते, बारीक कामाला जरा धूसर दिसतं. सपशेल खोटं. तिची नजर घारीसारखी होती.

दादांनी दुसऱ्याच दिवशी तिला बाजारात नेलं, डोळे तपासणाऱ्याकडे बसवलं, आणि त्यानं काही दोष नाही म्हटल्यावरही हट्टानं एक साधा चष्मा घेऊन दिला. असू दे, वाऱ्या-धुळीला बरा. येता येता भेटेल त्याला सांगितलं की आमच्या धाकटीला दिसत नाही, म्हणून कलमं मेली बिचारीची. त्यांच्या परीनं ते तिची बाजू घेत होते. संध्याकाळपर्यंत ते मालकिणीच्या कानावर गेलं आणि सकाळी धाकटीला चाकूऐवजी फावडं मिळालं. आंधळ्या बाईकडून कलमं कशी बांधून घेणार? जा, माती भर पिशव्यांत. भीक नको पण कुत्रं आवर, अशी गत झाली. तिनं मालकिणीसमोर बसून एक कलम बांधून दाखवलं तेव्हा कुठं दुपारनंतर चाकू परत मिळाला. चष्मा तिनं पिशवीत घालून ठेवला. त्या अर्ध्या दिवसात माती उपसताना तिच्या एक लक्षात आलं. कारण दिलं की दादा ते कारण मिटवतात. गरज सांगितली की गरज भागवतात. तिला हवं होतं ते या दोन्हीत नव्हतं.

आठवड्याच्या सुट्टीला ती एकटीच बँकेत गेली. थोरलीला सांगितलं, बाजारात जाते. काउंटरवर एक तरुण मुलगी होती. तिनं कागद पुढं केला, मग धाकटीचे सोलवटलेले हात बघून स्वतःच भरायला घेतला. नाव झालं, जुना नंबर झाला, नवा झाला. मग तिनं विचारलं, कारण काय लिहू?

धाकटी कागदावरच्या रिकाम्या रकान्याकडे बघत राहिली.

"हरवला लिहू का?" मुलगी म्हणाली. "सगळे तेच लिहितात."

"हरवला नाही," धाकटी म्हणाली. "घरीच आहे. ओट्यावर."

मुलीला हसू आलं. धाकटीलाही जरासं आलं, पण ती तिथंच थांबली. हरवला म्हटलं असतं तर काम झालं असतं आणि कुणाचं काही बिघडलं नसतं. पण एक चष्मा पुरे झाला होता. तिच्या मागं रांग वाढत होती, कुणीतरी उसासा टाकला.

"कारण काही नाही," ती म्हणाली. "खातं माझं आहे."

स्वतःचा आवाज तिला जरा मोठा वाटला. मुलीनं खांदे उडवले, काहीतरी लिहिलं आणि सही कुठं करायची ते दाखवलं. धाकटी बँकेच्या पायऱ्या उतरली. हलकं वगैरे काही वाटलं नाही. भीती वाटत होती, घरी जायची.

आणि घरी जाईपर्यंत कसली सवड? ती गल्लीत वळली तेव्हा ओटा भरलेला होता आणि दादा फोन लांब धरून वाचत होते. खणखणीत. "आपल्या विनंतीनुसार... या खात्यावरून... आपला मोबाईल नंबर... काढून टाकण्यात आला आहे." शेवटच्या शब्दापर्यंत वाचलं, कारण वाचून पुरं झाल्याशिवाय त्यांना अर्थ लागत नसे. मग अर्थ लागला.

एका म्हाताऱ्यानं तेवढं म्हणून घेतलं की झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि स्वतःच्याच बोलण्यावर हसला. बाकी कुणी हसलं नाही. धाकटी त्या सगळ्यांच्या पुढून घरात गेली. तेवढा रस्ता तिला फार लांब वाटला.

दादा जेवायला बसले नाहीत. आत येऊन भिंतीला टेकून उभे राहिले. थोरली हातातलं काम ठेवून बाजूला झाली.

"मी खाल्ले का कधी तुझे?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"कधी हिशेब चुकवला?"

"कधीच नाही."

"मग?"

धाकटीला रडू आलं आणि तिनं ते येऊ दिलं. "तुम्ही खाल्ले असते तर मी कधीच गेले असते बँकेत," ती म्हणाली. "नाही खाल्ले, म्हणून इतके दिवस लागले. दादा, माझे किती आले ते मला सगळ्यांच्या शेवटी कळतं. मला ते आधी कळायला हवंय. दुसरं काही नाही."

दादा भिंतीपासून सरले. मग म्हणाले, मला नुसतं सांगायचं होतंस. ती म्हणाली, सांगितलं होतं, तुम्ही चष्मा आणलात. ते बाहेर गेले आणि ओट्यावरचा दिवा न लावताच बसून राहिले.

पुढचे दिवस अवघड गेले. दादा तिच्याशी थोरलीमार्फत बोलायचे; ती समोर उभी असताना सांगायचे, तिला म्हणावं पाणी दे. गल्लीत दोन मतं पडली आणि दोन्ही तिच्या विरुद्ध होती. एक म्हणे, बाई माहेरी पैसे पाठवणार. दुसरं म्हणे, बाईला शिंगं फुटली. नणंदेनं फोनवर थोरलीजवळ तोंडसुख घेतलं. थोरली तिची बाजूही घेईना आणि तिला टाकूनही बोलेना. फक्त एकदा कपडे पिळताना दुसरं टोक धाकटीच्या हातात देत म्हणाली, ज्यानं त्यानं आपलं टोक धरावं, आणि पिळून झाल्यावर दुसरंच काही बोलायला लागली. रात्री धाकटीला वाटायचं, सकाळी उठून बँकेत जावं आणि होतं तसं करून टाकावं. सकाळी उठून ती कामाला जायची.

एक दिवस दादांनी पुन्हा रोपवाटिकेच्या कुंपणाशी सायकल लावली. धाकटीनं चाकू खाली ठेवला आणि उठून सरळ त्यांच्याकडे गेली. "दादा, ओळीत यायचं नाही," ती म्हणाली. "उघडून बघितलं की मरतं ते. मागच्या खेपेला मी बोलले नाही, ती माझी चूक." बायकांचे हात पुन्हा थांबले होते. दादा म्हणाले, मी फाटक दुरुस्तीचं विचारायला आलोय मालकिणीला. खरं की खोटं, देव जाणे. ते फाटकाकडे गेले आणि ती परत येऊन बसली. पुढची दोन-तीन कलमं वाकडी बसली; ती सोडून तिनं पुन्हा बांधली.

वारं पडलं. राहिलेल्या काड्यांना तांबूस कोंब आले. मालकीण मोजून गेली. आणि एका सकाळी हिरव्या जाळीखाली धाकटीच्या कमरेपाशी फोन थरथरला.

तिनं हात पुसले. मनातल्या मनात वाचलं. चांगली होती रक्कम, वाटलं होतं त्याहून चांगली. तिनं इकडंतिकडं पाहिलं. कुणाला काही कळलं नव्हतं. शेजारची बाई पट्टी दातात धरून गुंडाळत होती. आणि धाकटीला कुणाला तरी सांगावंसं इतकं वाटलं की तिला स्वतःचंच नवल वाटलं. ज्यासाठी एवढं रामायण केलं ते हातात आलं आणि ओठांवर काय, तर आकडा. सगळ्यात आधी कुणाला सांगावंसं वाटलं असेल तर दादांना. तिनं फोन ठेवला आणि काम घेतलं. दिवसभर तो आकडा तिच्या तोंडात घोळत राहिला, आणि संध्याकाळपर्यंत त्याची धार जरा कमी झाली.

येताना ती बँकेत गेली. किती काढायचे हे तिनं रांगेत उभं राहून ठरवलं, मग बदललं, मग परत पहिलंच ठरवलं.

घरी दादा ओट्यावर एकटेच होते. तिच्या चालण्यावरून की कशावरून कोण जाणे, त्यांना कळलं. किती दिवसांनी ते तिच्याशी थेट बोलले.

"आले?"

"आले," ती म्हणाली.

ते थांबले. आकड्याची वाट बघत राहिले. तीही थांबली. गल्लीतून एक माणूस गेला, त्यानं वळून पाहिलं आणि पुढं गेला. धाकटीनं नोटा काढून दादांच्या हातात दिल्या.

"हे घरात. माझ्याकडून."

आजवर तिचे सगळेच पैसे या घरात गेले होते, पण तिनं असे दिले कधीच नव्हते. दादांनी नोटा मोजल्या नाहीत, नुसत्या हातात तोलल्या. एकूण आलेल्यातले हे निम्मे होते, की जवळजवळ सगळे, की चिमूटभर, हे त्यांना कळायला काही मार्ग नव्हता. फार दिले म्हणून रागवायचं, की थोडे दिले म्हणून? त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. शेवटी दुसरं काही म्हणता येत नाही असं पाहून ते उठून उभे राहिले आणि परक्या माणसाला म्हणावं तसं, जरा अवघडून, तिला म्हणाले, "उपकार झाले गं."